शिशाचं मूळ गाव

"घरात हळद कुठली वापरता?"

फोनवरच्या नर्सबाईंनी हे इतक्या गोड आवाजात विचारलं, की मला क्षणभर वाटलं, रेसिपी मागतायत. मी स्टेटस मीटिंग अर्धवट टाकून ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी. पाठोपाठ पुढचे प्रश्न आले. कुंकू लावता का? मुलीला काजळ घालता? भारतातून आणलेली औषधं, भस्मं वगैरे? पितळेची भांडी? प्रत्येक प्रश्नागणिक माझा आवाज एकेक पट्टी वर चढत होता. शेवटी न राहवून विचारलं, "अहो, पण झालंय काय?"

झालं होतं ते असं. २०२२ मध्ये आम्ही ऑनसाइट म्हणून कॅलिफोर्नियात गेलो. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीपलीकडे ऑकलंड. तिथे भाड्याने घर घेतलं, १९२४ सालचं, लाकडी, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांचं. बघताक्षणी प्रेमात पडावं असं. लेक तेव्हा दोन वर्षांची. तिकडे इतक्या लहान मुलांच्या रक्तात शिसं आहे का, ते तपासतात. लेकीचा रिपोर्ट आला ६.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०२१ पासून ३.५ ही रेघ मारली आहे. त्याच्या वर आकडा गेला की फोन येतो.

(शिसं म्हणजे शिसपेन्सिलीतलं नव्हे. ते ग्रॅफाइट असतं. शाळेत पेन्सिल चावली म्हणून बाईंनी दिलेली शिक्षा वाया गेली म्हणायची.)

खरं शिसं शरीरात गेलं की कॅल्शियमचं सोंग घेतं. शरीर फसतं, त्याला हाडात नेऊन बसवतं. लहान मुलांमध्ये ते वाढत्या मेंदूच्या कामात लुडबुड करतं. शिकणं, लक्ष लागणं, वागणं, सगळ्यावर परिणाम. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते, सुरक्षित अशी पातळीच नाही. ६.५ म्हणजे दवाखान्यात धावायचा आकडा नव्हे, पण झोप उडायला पुरेसा.

रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला. आई भडकलीच. "आपल्या सांगलीच्या हळदीला नावं ठेवतात? त्यांना म्हणावं, तुमची हवा बघा आधी!"

नर्सबाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता, हे मला नंतर कळलं. शेजारच्या बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळायचे. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. सरकारने बडगा उगारल्यावर २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. पण त्या रात्री हे काहीच माहीत नव्हतं. डोक्यात फक्त आईचं वाक्य. आणि मी खरंच त्यांची हवा बघायला बसले.

टॅमवरचे पाहुणे

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. लाडाने सगळे त्याला 'टॅम' म्हणतात. पुणेकरांना सिंहगड, तसा त्यांना टॅम. वीकेंडला लोक शूज घालून निघतात. वर गेलं की पश्चिमेला नुसता पॅसिफिक. मध्ये काही नाही, एकदम आशिया. दोनच आठवड्यांपूर्वी आम्ही तिथे उभे होतो आणि नवऱ्याने छाती भरून श्वास घेत म्हटलं होतं, "हवा बघ काय आहे! सरळ समुद्रावरून येते."

ती समुद्राच्याही पलीकडून येते, हे बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी आधीच शोधून ठेवलं होतं. स्टेफनी इविंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७-०८ च्या हिवाळ्यात आणि वसंतात दोन ठिकाणी हवेतले सूक्ष्म कण फिल्टरवर गोळा केले. एक जागा टॅमवर, म्हणजे वारा शहरात शिरण्याआधी. दुसरी ऑकलंडच्या टेकड्यांवर, शाबो वेधशाळेपाशी, म्हणजे वारा शहरावरून गेल्यानंतर. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आला. त्या हवेतल्या शिशापैकी साधारण २९ टक्के आशियातून आलेलं होतं. मुख्यतः पूर्व आशियातून. चीनमध्ये जळलेला कोळसा, तिथल्या धातूंच्या भट्ट्या. धूर वर चढतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरच्या वाऱ्यांवर बसतो आणि आठवडाभरात पॅसिफिक ओलांडतो. व्हिसा नाही, स्टँपिंग नाही, इमिग्रेशनच्या रांगेत 'परतीचं तिकीट दाखवा' नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया सांगू? आधी मला आसुरी आनंद झाला. बघा, तुमच्या हवेतच आहे! दुसऱ्या मिनिटाला लक्षात आलं की यात माझ्या बाजूचं काहीच नाही. एक तर २९ टक्के हे फार थोड्यातले २९ टक्के होते. हवेतलं एकूण शिसं अगदी कमी, आणि त्याने कुणा मुलीचा आकडा ६.५ वर जात नाही. दुसरं म्हणजे 'आशियातून' हा शब्द परत माझ्याच दिशेने बोट दाखवत होता. पूर्व आशिया काय आणि सांगली काय, फोनवरच्या माणसाला सारखंच.

मग त्या अभ्यासाचा उपयोग काय? तर शिसं हा तिथे खबऱ्या होता. शिसं आशियातून आलं, तर त्याच वाऱ्यावर त्याच्याबरोबर काजळी, सल्फेटचे कण आणि बाकीचा गोतावळाही आला. त्या बाकीच्यांना ओळखणं अवघड. शिशाला ओळखता येतं, कारण ते आपलं गाव विसरत नाही.

गाव कुठलं तुमचं?

आपल्याकडे नवीन माणूस भेटला की तिसरा प्रश्न हाच असतो. "पुण्यात राहतो" म्हटलं तरी समाधान होत नाही. "ते झालं, पण मूळ गाव?" मग माणूस सांगतो, तसे आम्ही वाईचे. अनेकांच्या आडनावातच गाव असतं. सातारकर चार पिढ्या दादरला राहिले तरी सातारकरच.

शिशाचं अगदी तसंच. शिसं चार प्रकारचं असतं. रासायनिक गुण तेच, वजनात किंचित फरक. २०४, २०६, २०७ आणि २०८. २०४ हे पृथ्वी जन्मली तेव्हापासून आहे तेवढंच आहे. बाकी तिघांमध्ये सतत भर पडते. एका जातीच्या युरेनियमचा क्षय होत होत २०६ बनतं, दुसऱ्या जातीच्या युरेनियमपासून २०७, आणि थोरियमपासून २०८. प्रत्येकाचा वेग वेगळा. आता समजा, कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीखाली शिशाचं खनिज तयार झालं आणि ते युरेनियम-थोरियमपासून वेगळं पडलं. त्या क्षणी घड्याळ थांबलं. तेव्हा जे प्रमाण होतं, ते कायमचं गोठलं.

म्हणून प्रत्येक खाणीचं प्रमाण वेगळं. ऑस्ट्रेलियातली ब्रोकन हिल ही खाण फार जुनी, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीची. तिथल्या शिशात २०६ आणि २०७ चं गुणोत्तर साधारण १.०४. अमेरिकेतल्या मिसूरीकडच्या खनिजात तेच १.३ च्या आसपास. चिनी खनिज आणि कोळशात २०८ चा भाग तुलनेने जास्त. आणि गंमत म्हणजे हे शिसं वितळवा, पेट्रोलमध्ये घाला, इंजिनात जाळा, श्वासातून रक्तात जाऊ द्या, हाडात पन्नास वर्षं बसू द्या. गुणोत्तर हलत नाही. ब्रोकनहिलकर तो ब्रोकनहिलकरच.

दोन गावची मंडळी एकत्र आली की मोजणी थोडी वेगळी. चहाच्या रंगावरून आई सांगते ना, दूध किती पडलंय ते? कोऱ्या चहाचा रंग माहीत, दुधाचा माहीत, मधला रंग कुठे बसतो ते पाहायचं. बर्कलीवाल्यांनी हेच केलं. एका टोकाला कॅलिफोर्नियाचं स्थानिक शिसं, दुसऱ्या टोकाला पूर्व आशियाचं, आणि फिल्टरवरचा कण मध्ये कुठे बसतो ते मास स्पेक्ट्रोमीटरने मोजलं.

सगळीकडे शिसं दिसणारा माणूस

हा सगळा खेळ ज्याच्यामुळे सुरू झाला तो क्लेअर पॅटरसन. आयोवातला माणूस, जन्म १९२२ चा. पृथ्वीचं वय काढायचं, एवढंच त्याचं काम होतं. त्यासाठी उल्केतल्या शिशाची मोजणी करायची होती. पण दर वेळी आकडे भलतेच यायचे. कारण शिसं सगळीकडे होतं. टेबलावर, नळाच्या पाण्यात, धुळीत, त्याच्या स्वतःच्या केसांत आणि कपड्यांवर. हा माणूस वैतागून फरशा घासायला बसला. कॅलटेकमध्ये त्याने जगातली अतिस्वच्छ म्हणावी अशी पहिल्या काही प्रयोगशाळांपैकी एक बांधली. मग १९५६ मध्ये त्याने पृथ्वीचं वय छापलं, ४५५ कोटी वर्षं. आजही आपण तोच आकडा वापरतो.

दुसरा कुणी असता तर तिथेच निवृत्त झाला असता. पॅटरसनला मात्र प्रश्न पडला, की हे सगळीकडचं शिसं आलं कुठून? समुद्राचं पाणी तपासलं तर वरच्या थरात शिसं जास्त, खोलवर कमी. म्हणजे ते नुकतंच, वरून पडत होतं. त्याचा संशय पेट्रोलवर गेला. १९२१ मध्ये थॉमस मिजली या इंजिनिअरने शोधून काढलं होतं, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घातलं की इंजिन 'नॉक' करत नाही. बाजारात आणताना नावात 'लेड' येणार नाही याची काळजी घेतली. नाव ठेवलं 'एथिल'. मार्केटिंगवाल्या मित्रांनो, ही युक्ती तुमच्या आधीची आहे.

पुढे १९६६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर दोन माणसं बोलली. एक पॅटरसन. दुसरे डॉक्टर रॉबर्ट केहो, एथिल कंपनीचे वैद्यकीय संचालक राहिलेले. केहोंचं म्हणणं, शरीरात शिसं असणं नैसर्गिकच आहे. पॅटरसनचं म्हणणं, तुम्ही 'नेहमीचं' आणि 'नैसर्गिक' यांत गल्लत करताय. आसपासचे सगळेच दूषित असतील तर तुम्ही नॉर्मल कशावरून ठरवणार? मला हे वाक्य आपल्या ऑफिसांनाही लावावंसं वाटतं, पण तो लेख वेगळा.

त्याची किंमत त्याने मोजली. तेल उद्योगाकडून मिळणारा पैसा बंद झाला. १९७१ मध्ये हवेतल्या शिशाचा अभ्यास करायला राष्ट्रीय पातळीवर समिती नेमली, तर या विषयातला सगळ्यात मोठा माणूसच तिच्यात नव्हता. तरी तो हटला नाही. डिसेंबर १९९५ मध्ये तो गेला. १ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झालं. एका महिन्याने हुकलं.

बर्फाची वही

'नैसर्गिक किती' हे सिद्ध करायला पॅटरसनला अशी जागा हवी होती जिथे माणूस नाही, गाडी नाही. तो गेला ग्रीनलंडला. तिथे बर्फ दरवर्षी थरावर थर साचतो. जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यासारखा. वरची वही यंदाची, खालची पणजोबांच्या वेळची. १९६९ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी छापलं, की इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमारापासून १९६० च्या दशकापर्यंत त्या बर्फातलं शिसं सुमारे दोनशे पटींनी वाढलं, आणि सगळ्यात मोठी उडी १९४० नंतरची. जिथे पेट्रोल पंप नव्हता, तिथे पेट्रोलचं शिसं.

कुणाचं, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केविन रोझमन यांनी सहकाऱ्यांसह दिलं. अमेरिकेचं पेट्रोल मिसूरीच्या वळणाचं, युरोपच्या पेट्रोलमध्ये ब्रोकन हिलच्या शिशाचा वाटा मोठा. त्यामुळे दोघांची आडनावं वेगळी. ग्रीनलंडच्या बर्फात १९७० च्या दशकात अमेरिकेची ठळक सही सापडली. पुढे अमेरिकेने शिसं कमी केलं तशी ती सही फिकी झाली आणि युरोप-आशियाकडची वर आली. बर्फ डेन्मार्कच्या राज्यातला, धूर दोन खंडांचा. नियम केला की आकडा खाली येतो हेही त्याच बर्फाने दाखवलं. वीसेक वर्षांत तिथलं शिसं साडेसात पटींनी घटलं.

मग लोकांना या वह्या वाचायचा नादच लागला. त्यातल्या गोष्टी एखाद्या वेबसिरीजला लाजवतील अशा आहेत. इसवी सनापूर्वी १५० ते इसवी सन ५० या काळात ग्रीनलंडवर पडलेल्या शिशापैकी सुमारे ७० टक्के स्पेनमधल्या रिओ टिंटो भागातल्या खाणींचं निघालं. रोमन लोक तिथे चांदी काढत, नाणी पाडत, आणि चांदीच्या भट्टीतून शिसं हवेत जाई. इसवी सन १६५ च्या सुमाराला रोममध्ये मोठी साथ आली. बर्फातलं शिसं धाडकन खाली. ते परत त्या पातळीला यायला पाचशेहून जास्त वर्षं लागली.

स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर कोले ग्निफेट्टी नावाची हिमनदी आहे. तिच्या बर्फात १३४९ ते १३५३ या वर्षांत शिसं जवळजवळ शून्यावर गेलेलं दिसतं. काळ्या प्लेगची वर्षं. खाणीत उतरायला माणूसच उरला नव्हता. त्याच बर्फात बाराव्या शतकातलं इंग्लंडही आहे. डर्बीशायरच्या खाणींतलं शिसं वाऱ्यावर आल्प्सपर्यंत जात होतं. ११७० मध्ये आर्चबिशप थॉमस बेकेटचा खून झाला. राजा दुसऱ्या हेन्रीने पापक्षालन म्हणून मठ आणि चर्च बांधायला हात सैल सोडला. छपराला शिसं लागतं. आल्प्समध्ये रेघ वर. राजा मेला, गादीचा घोळ झाला की रेघ खाली. २०२० मध्ये हे छापून आलं, तेव्हा इतिहासवाल्यांना आपली जुनी कागदपत्रं आणि बर्फ वर्षा-वर्षाने जुळताना दिसले.

पण माझं आवडतं पान दक्षिण ध्रुवाचं. अमुंडसेन तिथे पोचला डिसेंबर १९११ मध्ये. स्कॉट महिन्याभराने पोचला आणि परतताना मेला. शौर्याच्या सगळ्या गोष्टी आपण शाळेत वाचल्या. अंटार्क्टिकाच्या बर्फात मात्र १८८९ पासून शिसं आहे, आणि त्याची सही ब्रोकन हिलची. ते खनिज वितळवायच्या भट्ट्या ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट पिरीला याच काळात पेटल्या होत्या. म्हणजे पहिला माणूस झेंडा घेऊन पोचायच्या बावीस वर्षं आधी आपला धूर तिथे पोचून बसला होता. त्यानंतरच्या काळात अंटार्क्टिकावर सुमारे ६६० टन औद्योगिक शिसं पडलं असा अंदाज आहे.

आपलं काय?

आपणही काही फक्त घेणारे नाही. हिवाळ्यात आपल्याकडे वारा ईशान्येकडून वाहतो, जमिनीवरून समुद्राकडे. १९९९ मध्ये 'इंडोएक्स' या मोठ्या मोहिमेत हिंदी महासागरावरचा तपकिरी धूरकट थर मोजला गेला. आपलं 'सागर कन्या' हे संशोधन जहाजही त्या मोहिमेत होतं. तिथे खबऱ्या शिसं नव्हता, काजळी आणि इतर कण होते, पण दिशा स्पष्ट होती. आपल्याकडून बाहेर.

करारही झालेत. युरोपने १९९८ मध्ये जड धातूंवर बंधनकारक मसुदा केला. त्याच वर्षी दक्षिण आशियाई देशांनी मालेमध्ये सीमापार प्रदूषणाचा जाहीरनामा काढला. त्यात भारतही आहे, बंधन नाही.

आणि पूर्व आशियाबद्दल एक म्हणायचंय. ज्या फोनवर मी ही सगळी माहिती रात्री शोधत बसले होते, तो चीनमध्ये जोडलेला होता. लेकीची खेळणी तिथलीच. त्या कारखान्यांना वीज लागते, विजेला कोळसा. टॅमवरच्या २९ टक्क्यांत थोडा हिस्सा टॅमवर चढणाऱ्यांच्याच ऑर्डरचा असणार. पार्सल बोटीने येतं, धूर हवेने. धूर लवकर पोचतो.

बंदूक आणि खिडकी

पंधरा दिवसांनी घरमालकाने एक तपासनीस पाठवला. त्याच्या हातात बंदुकीसारखं यंत्र. भिंतीला टेकवलं की एक्स-रे सोडून शिसं आहे का ते सांगतं. मी आधी हळदीचा डबा पुढे केला. स्वच्छ! कुंकवाचा करंडा. स्वच्छ! मी मनातल्या मनात आईला फोन लावला. मग आजीचा पितळी गडवा. त्यात निघालं. पितळेत बऱ्याचदा शिसं असतं, हे मला तेव्हा कळलं. गडवा मुकाट्याने कपाटावर गेला.

मग तो लेकीच्या खोलीतल्या खिडकीपाशी गेला. चौकटीला बंदूक लावली. एकच्या वर गेलं तर धोक्याचं, असं त्याने सांगून ठेवलं होतं. आकडा आला ९.८. अमेरिकेत घरांसाठी शिशाचा रंग १९७८ मध्ये बंद झाला, पण आमच्या त्या गोंडस खिडकीवर त्याआधीच्या पन्नास-चोपन्न वर्षांचे थर होते. खिडकी वर-खाली सरकवली की रंग घासून धूळ पडायची. लेक रोज तिथे उभी राहून कचऱ्याच्या गाडीला टाटा करायची. दोन्ही हात चौकटीवर, मग तेच हात तोंडात.

सांगली सुटली. मी जिंकले होते. का कोण जाणे, बरं वाटलं नाही.

त्याला मी विचारलं, हे शिसं मूळ कुठलं, मिसूरीचं की बाहेरचं, हे सांगता येईल? तो हसला. "मॅम, माझी बंदूक 'आहे' आणि 'नाही' एवढंच सांगते."

हाडांतलं गाव

याच दिवसांत माझ्या वाचनात ब्रायन गल्सन यांचं काम आलं. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ. १९९० च्या दशकात त्यांनी पूर्व युरोपातून ऑस्ट्रेलियात स्थायिक व्हायला आलेल्या बायकांचा अभ्यास केला. त्यांच्या देशांतल्या शिशाचं गुणोत्तर वेगळं, ऑस्ट्रेलियाचं वेगळं, म्हणजे रक्तातलं शिसं कुठलं ते वेगळं काढता येत होतं. या बायका गरोदर राहिल्या तेव्हा त्यांच्या रक्तातलं शिसं सरासरी सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. आणि वाढलेल्या शिशावर सही जुन्या देशाची होती.

म्हणजे असं, की बाळाला कॅल्शियम हवं म्हणून आईचं शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. त्याच्याबरोबर तिथे दडलेलं शिसंही सुटतं. लहानपणी श्वासातून घेतलेलं, गाव सोडलं तरी बरोबर आलेलं. बाळंतपणानंतर, अंगावर पाजतानाही हे चालू राहतं.

हे वाचलं आणि मी फोन बाजूला ठेवला.

माझा जन्म १९८९ चा. नाना पेठेत बाबांचं स्कूटरचं गॅरेज होतं. शाळा सुटली की मी तिथेच. बाबा नळीचं एक टोक टाकीत आणि एक तोंडात धरून पेट्रोल ओढायचे, चूळ थुंकायचे आणि नळी डब्यात सोडायचे. मी प्लग तारेच्या ब्रशने घासून द्यायचे, त्याचे मला पंचवीस पैसे मिळायचे. तो पेट्रोलचा वास मला अजून आवडतो. भारतात देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं १ फेब्रुवारी २००० पासून. चार महानगरांत १९९५ मध्ये सुरुवात झाली होती, पण पुणे त्या चारांत नव्हतं. दहा वर्षं मी ते पेट्रोल श्वासात घेतलं, अगदी जवळून.

आणि मग पुण्यात नऊ महिने, त्यानंतर वर्षभर अंगावर.

म्हणजे नर्सबाईंचा प्रश्न हळदीचा नसून गावाचा असता, तर उत्तर पूर्ण 'नाही' आलं नसतं. लेकीच्या ६.५ मध्ये खिडकीचाच वाटा मोठा होता, हे पुढे चौकट बदलल्यावर दिसलंच. पण दशांशानंतरच्या एखाद्या आकड्यात नाना पेठ असेलही. ते मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, आणि एका घरासाठी तो कुणी चालवत नाही. बाबांना मी हे सांगितलेलं नाही. त्यांनी जन्मभर ती नळी तोंडात धरली ती आमच्या फीसाठी.

पेट्रोलमधलं शिसं जगात सगळ्यात शेवटी बंद झालं ते अल्जीरियात, जुलै २०२१ मध्ये. तरी संपलं नाही. लंडनमध्ये १९९९ नंतर ते विकलेलं नाही, पण २०२१ मध्ये छापलेल्या अभ्यासात तिथल्या हवेतल्या शिशाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग त्याच जुन्या पेट्रोलचा निघाला. रस्त्याकडेच्या मातीत बसलेलं, गाड्यांच्या वाऱ्याने परत उठणारं.

घरमालकाने खिडक्या बदलायला दोन महिने घेतले. तोवर आम्ही दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने खोली पुसत होतो आणि लेकीला चौकटीला हात न लावता टाटा करायला शिकवत होतो. तीन महिन्यांनी परत रक्त दिलं. त्याच गोड आवाजाचा फोन आला. २.९.

"आणखी काही विचारायचंय?" नर्सबाई म्हणाल्या.

मी विचारलं, "हे २.९ कुठलं आहे, ते कळतं का हो?"

"नाही डिअर, आमच्याकडे फक्त आकडा येतो."

रात्री आईला आकडा सांगितला. तिने देवापुढे साखर ठेवली आणि लगेच विचारलं, "मग काय गं, हळद पाठवू ना? शेजारचे जाणारेत पुढच्या आठवड्यात तिकडे. किलोभर देते."

"अर्धा किलो दे," मी म्हटलं. "आणि बाबांना फोन दे जरा."